मदत हवी आहे: गेट्सला ६४-३१ मतं की ९५-२? (अर्जंट)

मुक्ता_एमए
नमस्कार मंडळी. उद्या सकाळी प्रेझेंटेशन आहे, त्यामुळे प्लीज लवकर सांगा. गेट्सच्या नेमणुकीवर अमेरिकेच्या सिनेटमध्ये किती मतं पडली? एकीकडे ६४-३१ दिसतंय, दुसरीकडे ९५-२. आणि आधी त्याला नाकारलं होतं ना, मग नंतर घेतलं कसं? मॅडमना कारणमीमांसा हवी आहे. लिंका नकोत, वाचायला वेळ नाहीये.

चकली
बिल गेट्स सिनेटपुढे कधी गेला? त्याच्यावर खटला झाला होता ना मक्तेदारीचा, ते म्हणताय का?

मुक्ता_एमए
बिल नाही हो, रॉबर्ट!! उघड आहे ना.

फडताळ
उघड कसं? नाव नाही, पद नाही, साल नाही. रॉबर्ट गेट्सचं नाव सिनेटकडे एकदा नाही, अनेकदा गेलंय. तुम्हाला कोणती वेळ हवी आहे?

मुक्ता_एमए
सीआयएची. विषय 'राष्ट्रीय सुरक्षा आणि कायदेमंडळाचा अंकुश'. प्लीज.

फडताळ
मग ऐका. तुमचे दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त पदं वेगळी. ६४-३१ हे ५ नोव्हेंबर १९९१ चं, सीआयए प्रमुखपदासाठी. ९५-२ हे डिसेंबर २००६ चं, संरक्षणमंत्रिपदासाठी. ते दुसरं तुमच्या विषयात बसत नाही, स्लाइडवरून काढा.

आणि १९८७ मध्ये त्याला 'नाकारलं' असं लिहू नका. मतदान झालंच नाही. राष्ट्राध्यक्ष रेगनने फेब्रुवारीत नाव दिलं, मार्चच्या सुरुवातीला गेट्सनेच माघार घेतली. मग एफबीआयचे विल्यम वेबस्टर यांना आणलं.

विदर्भवीर
यात कसली आलीय कारणमीमांसा? नोव्हेंबर १९८६ च्या निवडणुकीत सिनेट डेमोक्रॅट्सच्या ताब्यात गेलं. रेगनचा माणूस अडवला. विषय संपला.

फडताळ
विदर्भवीर, १९९१ मध्येही सिनेट डेमोक्रॅट्सकडेच होतं की. तरी पास झाला. तुमच्या हिशेबाने तेव्हाही अडायला हवा होता.

विदर्भवीर
राजकारणच ते, बाकी सगळा मुलामा.

एडिसनकर
मी इथे अमेरिकेत असतो, सुनावण्या बघायचा मला नाद आहे. कायदेमंडळाचं कामकाज दाखवणाऱ्या सी-स्पॅन वाहिनीच्या संग्रहात १९९१ चं सगळं चित्रीकरण आहे. मुक्ता, तू ते बघच. कागदावर वाचून त्या खोलीतला ताण कळत नाही.

मुक्ता_एमए
काका, उद्या सकाळी!!

रातराणी
थांबा, मी सांगते, माझा हाच विषय होता. १९८७ मध्ये घोळ होता इराण-काँट्राचा. इराणला चोरून शस्त्रं विकली आणि त्यातला पैसा निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांकडे वळवला. २५ नोव्हेंबर १९८६ ला हे जाहीर झालं. गेट्स त्याच वर्षीच्या एप्रिलपासून सीआयएचा उपप्रमुख. प्रमुख विल्यम केसी मेंदूच्या गाठीने आजारी पडले, म्हणून डिसेंबरपासून हा हंगामी प्रमुख. पैसा वळवला जात असावा अशी शंका चार्ल्स ॲलन या अधिकाऱ्याने त्याला १ ऑक्टोबरलाच सांगितली होती. मग प्रश्न एकच: तू काय केलंस? चौकशी चालू असताना सिनेटर्स त्याच्या बाजूने मत द्यायला तयार नव्हते.

१९९१ पर्यंत प्रकरण बरंचसं बाहेर आलं होतं. मधल्या काळात तो थोरल्या बुशचा उप-सुरक्षा सल्लागार होता, म्हणजे रोज डोळ्यांसमोर. सिनेटच्या गुप्तचर समितीचे अध्यक्ष डेव्हिड बोरेन स्वतः डेमोक्रॅट, पण त्याच्या बाजूने उभे राहिले. आणि गेट्सने सुनावणीत सांगितलं की आपण जास्त प्रश्न विचारायला हवे होते. १९८७ मध्ये हा सूर नव्हता.

फडताळ
रातराणी, बहुतेक सगळं सहमत, पण 'प्रकरण बाहेर आलं होतं' हे फार सरळ झालं. जुलै १९९१ मध्ये सीआयएच्याच ॲलन फायर्सने गुन्हा कबूल केला आणि गेट्सची सुनावणी सप्टेंबरपर्यंत लांबली. धागेदोरे तेव्हाही निघतच होते.

खरी मजा पुढे आहे. १९९१ चा मुख्य वाद पैशांचा राहिलाच नाही. सीआयएमधलेच विश्लेषक साक्षीला आले. मेल्व्हिन गुडमन, जेनिफर ग्लॉडमन्स आणि हॅरोल्ड फोर्डसारखा ज्येष्ठ माणूस. आरोप असा, की केसी-गेट्सच्या काळात सोव्हिएत संघाबद्दलचे अहवाल वरिष्ठांना हवे तसे वळवले गेले. पोपवरच्या हल्ल्यामागे सोव्हिएत हात असल्याचा १९८५ चा अहवाल हे त्यातलं गाजलेलं उदाहरण. गेट्स समितीपुढे परत आला आणि मुद्द्यागणिक उत्तरं दिली. समितीत ११-४ ने पार. मुक्ता, मीमांसा हवी असेल तर ती इथे आहे, पक्षीय बलाबलात नाही.

विदर्भवीर
मग ३१ मतं विरोधात का पडली? राजकारण!

रातराणी
२००६ मध्ये विरोधातली दोन्ही मतं त्याला नेमणाऱ्या राष्ट्राध्यक्षाच्याच पक्षाची होती, बनिंग आणि सँटोरम या सिनेटर्सची. तुमच्या सूत्रात ते कुठे बसवायचं?

अण्णा_सातारकर
विषय निघालाच आहे म्हणून. आपल्याकडे असं काही हवंच. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराचं पद १९९८ मध्ये आलं, ब्रजेश मिश्र पहिले. तेव्हापासून आजवर एकाचीही संसदेत उलटतपासणी नाही. चिठ्ठी निघते, माणूस रुजू होतो.

चकली
अण्णा, अमेरिकेतही सुरक्षा सल्लागाराला सिनेटची मंजुरी लागत नाही. सीआयए प्रमुखाला लागते. तुलना करायची तर रॉच्या प्रमुखाशी करा.

अण्णा_सातारकर
बरं, रॉ प्रमुख घ्या. मुद्दा तोच राहतो.

एडिसनकर
अण्णा, कॅमेऱ्यासमोर गुप्तचर माणसाला बसवलं की अर्धा वेळ भाषणं होतात. इथे बघतो ना मी.

हिमालयाची_सावली
रॉमध्ये जायचं असेल तर त्याची सरळ जाहिरात येत नाही. आधी यूपीएससी द्या, आयपीएस घ्या, मग प्रतिनियुक्ती. मुलींनाही संधी आहे. शुभेच्छा.

मुक्ता_एमए
मला रॉमध्ये नाही जायचं हो. त्याची आधीची कारकीर्द कोणी सांगेल का? पहिली स्लाइड तीच आहे, मॅडमनी शीर्षकच 'कारकीर्द आणि वाद' दिलंय.

चकली
आता सांगतेस!

फडताळ
जन्म १९४३, विचिटा, कॅन्सस. इंडियाना विद्यापीठात असताना सीआयएने हेरला, १९६६ पासून तिथे. रशियन-सोव्हिएत इतिहासात जॉर्जटाउनची पीएचडी, १९७४. निक्सन, फोर्ड, कार्टर यांच्या काळात व्हाइट हाउसच्या सुरक्षा परिषदेत. १९८२ मध्ये सीआयएच्या विश्लेषण विभागाचा प्रमुख. लक्षात घ्या, १९९१ चे आरोप याच खुर्चीतल्या कामाबद्दल होते. १९८७ मध्ये माघार घेतली तेव्हा वय ४३.

भारताचा धागा हवा असेल तर मे १९९० घ्या. काश्मीरवरून तणाव वाढला तेव्हा बुशने यालाच इस्लामाबाद आणि दिल्लीला पाठवलं होतं. आपल्याकडे व्ही. पी. सिंग पंतप्रधान होते.

अण्णा_सातारकर
त्याच भेटीने युद्ध टळलं म्हणतात.

रातराणी
तसं अमेरिकेत जास्त म्हणतात, अण्णा. आपल्याकडचे बरेच जण संकट एवढं मोठं होतं हेच मानत नाहीत. मुक्ता, हे स्लाइडवर घालू नकोस, मॅडम तिथेच अडकवतील.

मुक्ता_एमए
ओके. आणि इराण-काँट्रामध्ये तो दोषी की निर्दोष? एका शब्दात.

रातराणी
एका शब्दात नाही होणार. स्वतंत्र अभियोक्ता लॉरेन्स वॉल्श यांनी शेवटी लिहिलं की त्याच्यावर खटला भरण्याइतका पुरावा नाही. पण त्यांनी त्याच्या काही उत्तरांवर शंकाही नोंदवली. दोन्ही वाक्यं घाल.

एडिसनकर
सुनावणीच्या लिंका खाजगी निरोपात पाठवल्यात. निदान गुडमनची साक्ष तरी बघ.

विदर्भवीर
शेवटी ६४ मतं पडली म्हणजे पडली.