गोव्याचं नेव्हल म्युझियम आणि ती तीन शेपट्यांची राणी

कोणीतरी विचारलंय की बोगमाळोच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियममधलं तीन शेपट्यांचं मोठं विमान कुठलं. ते लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन, आणि ते मुळात नेव्हीचं नाहीच! पन्नाशीच्या दशकात एअर इंडियाने घेतलेलं प्रवासी विमान, तिथून एअरफोर्सकडे गेलं, मग १९७६ ला नेव्हीकडे आलं आणि समुद्रावर गस्त घालायला लागलं. चार इंजिनं, प्रत्येकाला १८ सिलेंडर, खाली उभं राहून वर बघितलं की मान दुखते खरंच.

पण घाईत असाल तरी अलिझे या पाणबुडीशोधक विमानापाशी थांबाच. १९७१ च्या युद्धात विक्रांत या विमानवाहू जहाजावरून सी हॉक ही लढाऊ विमानं आणि अलिझे दोन्ही उडाली, पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्सबझार आणि चितगाववर हल्ले केले, त्याच प्रकारचं हे अलिझे. जवळ जाऊन पंख दुमडायचा सांधा बघा, जहाजावर जागा कमी म्हणून केलेली सोय, आणि पंखाखाली चाकांसाठी जे फुगीर डबे आहेत ना त्यांच्याच पुढच्या भागात पाणबुडी शोधायचे सोनोबॉय (समुद्रात टाकायची, पाण्याखालचा आवाज टिपणारी यंत्रं) ठेवायचे.

मला वाईट एकाच गोष्टीचं वाटतं, ही विमानं उघड्यावर उभी आहेत, समुद्राचा खारा वारा आणि चार महिने धो धो पाऊस, अ‍ॅल्युमिनियम किती दिवस टिकणार? निदान कॉनीवर (म्हणजे त्या कॉन्स्टेलेशनवर) तरी छप्पर हवंच हवं.