सॅनिटायझरवर भागत नाही

इथे कुणीतरी सल्ला दिलाय की काउंटी फेअरला (म्हणजे अमेरिकेतल्या गुराढोरांच्या नि राइड्सच्या जत्रेला) मुलांना घेऊन जाताना पर्समध्ये सॅनिटायझरची बाटली टाकली की काम झालं. बाकीचं सगळं पटलं, हे मात्र नाही. बकऱ्यांना दाणे भरवल्यावर पोरांच्या हाताला लाळ, भुस्सा, शेण सगळं लागलेलं असतं. अशा बरबटलेल्या हातांवर सॅनिटायझरचं फारसं काही चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. अति वाटेल, पण २००४ साली नॉर्थ कॅरोलायना स्टेट फेअरमध्ये पेटिंग झूमुळेच (प्राण्यांना हात लावता येतो, दाणे भरवता येतात तो भाग) ई. कोलाय या जिवाणूची साथ आली होती. शंभरावर लोक आजारी पडले, त्यात लहान मुलं बरीच, आणि काहींच्या तर थेट किडनीवर गेलं. पाच वर्षांखालच्यांना याचा धोका जास्त.

आमच्या धाकट्याचा सिपी कप एकदा मेंढ्यांच्या कुंपणापाशी भुश्शात पडला आणि मी वाकेपर्यंत पठ्ठ्याने उचलून तोंडात घातलासुद्धा! पुढचा आठवडाभर मी त्याचं डायपर डिटेक्टिव्हसारखं तपासत होते. काही झालं नाही, नशीब. तेव्हापासून कप, चोखणी, खाऊ आणि स्ट्रोलर नवऱ्याच्या ताब्यात, गोठ्याबाहेर. (स्ट्रोलरची चाकं तिथलं शेण गाडीत आणि मग घरात आणतात, हे आधी डोक्यातच आलं नव्हतं.) सकाळी आधी प्राणी, मग कोपरापर्यंत हात धुणं, मगच फनेल केक. आणि राइड्सची तिकिटं आधीच घेऊन ठेवू नका, आत गेल्यावर लागतील तशीच घ्या; पोरं प्राण्यांपाशीच रमली तर ती तशीच राहतात. आमची मोठी मुलगी डुकरिणीच्या पिल्लांसमोरून पाऊण तास हलली नव्हती.