मदत हवी आहे: पुढचे ब्रेक पॅड बदलल्यावर पेडल मऊ लागतंय

गाडीला पुढे डिस्क, मागे ड्रम ब्रेक आहेत, एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे. पॅड बदलताना कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिस्टन सी-क्लॅम्पने हळू मागे दाबला, होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी) कुठेच उघडला नाही. म्हणजे हवा शिरायला खरं तर वाट नव्हती. तरी इंजिन चालू असताना पेडल स्पंजासारखं अर्ध्याच्या खाली जातं. लागोपाठ दोन-तीनदा मारलं की वर येऊन कडक होतं, मिनिटभर सोडलं की पुन्हा तेच.

डॉट ४ ब्रेक ऑइल घालून चारही चाकं ब्लीड केली (लाइनमधली हवा ऑइलसोबत बाहेर काढली), सर्वात लांबच्या चाकापासून. पारदर्शक नळीत एकही बुडबुडा नाही. पाय दाबून धरला तर पेडल हळूहळू खाली सरकत नाही, त्यामुळे मास्टर सिलिंडरचं (पेडलचा जोर ऑइलवर देणारा सिलिंडर) सील आतून गळत असेल असं वाटत नाही. ब्लीड करताना पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवला होता. कारण जुन्या सिलिंडरमध्ये पेडल तळापर्यंत दाबलं तर सील गंजलेल्या भागावर घासून फाटू शकतं. गळतीही कुठे नाही.

आता संशय दोनच. डाव्या कॅलिपरची खालची स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो) हाताने सरकत नाही, म्हणून पॅड तिरका बसून त्याची प्लेट स्प्रिंगसारखी वाकत असेल. किंवा मागच्या ड्रममध्ये शूचं (ड्रमला आतून घासणारा भाग) ड्रमपासूनचं अंतर वाढलंय.

आधी पिन साफ करून सिलिकॉन ग्रीस लावू, की ड्रमचा अॅडजस्टर (हे अंतर कमी-जास्त करणारा स्क्रू) फिरवू? होज चिमट्याने दाबून एकेक चाक वेगळं तपासणं रबरी होजला सुरक्षित आहे का? गाडी तोवर जागेवरच उभी आहे.