आबांच्या वह्या व्हॉट्सॲपवर वाहून जातायत, कुठे ठेवू?

खाडीवरची झेरॉक्सवाली

मंडळी, दापोली तालुक्यात एस.टी. स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, आधारची प्रिंट, लॅमिनेशन, लग्नपत्रिकेचा मजकूर, सगळं मीच करते. म्हणजे कॉम्प्युटरला मी घाबरत नाही. तरी पुढचं कोडं मला सुटत नाहीये.

माझे सासरे, आबा, खाडीवर पूल होईपर्यंत तर (माणसं पलीकडे नेणारी होडी) चालवायचे. शिक्षण चौथी, पण रोज रात्री कंदिलाजवळ बसून वही लिहायचे. अशा अकरा वह्या आहेत. भरती कधी भरली, वारा कुठला, तरीतून कोण गेलं, तिसऱ्या (खायचे शिंपले) कुठल्या वाळूत लागतात, पाग (हाताने फेकायचं जाळं) विणायला सूत कुठलं घ्यावं, असं सगळं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमची कौलं उडाली तेव्हा त्या माळ्यावर होत्या. तीन वह्यांची शाई पसरली. लाईट तर कितीतरी दिवस नव्हती. मी पानं सुटी केली आणि पडवीत दोरीवर चिमटे लावून वाळत घातली, लहान मुलाच्या लंगोटांसारखी. तेव्हाच ठरवलं की हे टाईप करून ठेवायचं.

मग गावच्या ग्रुपवर रोज एक पान टाकायला लागले. चाकरमानी खूष. पण सकाळी टाकलेलं पान संध्याकाळपर्यंत वाढदिवस आणि सुप्रभातच्या ढिगाऱ्याखाली. कोणीतरी म्हणतं, "वहिनी, ते तिसऱ्यांचं पान परत टाका ना," की मी अर्धा तास वर सरकवत बसते. त्यात गेल्या पावसात फोन पाण्यात पडला आणि चार महिन्यांचं टायपिंग गेलं. बॅकअप बंद ठेवला होता, दोष माझाच.

ओळखीतला एक मुलगा वेबसाइटचे १८,००० सांगतो, वर दरवर्षीचे वेगळे. आबांच्या वह्यांतून मला दमडी मिळायची नाही, मग एवढे कशाला घालू? फुकटात काही होतं का? ब्लॉग म्हणतात तो चालेल का?

आणि अजून एक. काही पानं देवळाच्या जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत छापली होती. प्रेसवाल्याकडून फाईल आणली, पण फोनवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस दिसतात. ते सगळं परत टाईप करू का?

डोंबिवलीचा चाकरमानी

ताई, रागावू नका, पण ब्लॉग आता कोण वाचतं? आमची माणसं व्हॉट्सॲप सोडून कुठे जात नाहीत. लिंक दिली तरी उघडत नाहीत, "इथेच टाक की" म्हणतात. माझ्या वडिलांना निळी लिंक दिसली की बँकेतून पैसे जातील असं वाटतं.

पूर्वी ब्लॉग लिहायचो

वरच्यांचं अर्धं खरं आहे. म्हणून दोन्ही करा. ग्रुपवर पानातल्या पहिल्या चार ओळी नेहमीसारख्या टाका, त्याखाली लिंक. ज्याला पुढचं हवंय तो येईल. आणि कोणी तिसऱ्यांचं पान मागितलं की तीच लिंक परत चिकटवायची, वर सरकवणं बंद.

जागा म्हणाल तर ब्लॉगर, गूगलची फुकट ब्लॉगची जागा. जुनं म्हणून हसू नका. १९९९ सालचं आहे, २००३ मध्ये गूगलने घेतलं. मधल्या काळात ऑर्कुट गेलं (२०१४), गूगल प्लस गेलं (२०१९), हे अजून आहे. तुमच्या जीमेलनेच उघडतं, पैसे नाहीत. पत्त्याच्या शेवटी ब्लॉगस्पॉट येतं, येऊ दे. वहीला कुठे सोन्याचं कव्हर होतं?

मी जिथे आपटलो ते सांगतो. मथळा मराठीत दिलात की ब्लॉगर पानाचा पत्ता 'ब्लॉग-पोस्ट' असा करतं, पुढच्याला त्याच्यामागे आकडे. शंभर पानं झाली की लिंक बघून काही कळत नाही. म्हणून प्रकाशित करण्याआधी उजवीकडे 'पर्मालिंक'मध्ये स्वतः रोमन अक्षरांत नाव टाका: वही, तिचा नंबर, पानाचा नंबर. नंतर बदललंत तर ग्रुपवर गेलेल्या जुन्या लिंका मरतात.

लेबलं, म्हणजे विषयाच्या चिठ्ठ्या, मात्र मराठीत द्या. भरती, मासळी, तर, वादळ. दहाच्या वर नेऊ नका. मी ऐंशी केली होती, शेवटी मलाच सापडेना.

बॅकअप सेटिंग्जमध्ये 'मॅनेज ब्लॉग'खाली आहे, महिन्यातून एकदा उतरवून पेनड्राइव्हवर. पण फोटोंसाठी त्यावर विसंबू नका. वहीच्या पानांचे फोटो वेगळे ठेवावे लागतील. आणि घरातल्या दुसऱ्या कुणालातरी ब्लॉगचा ॲडमिन करून ठेवा. दोन वर्षं खातं वापरलं नाही तर ते काढून टाकण्याचा गूगलचा नियम आहे, २०२३ पासून. तुमच्यामागे कोणाला पासवर्ड शोधत बसायला लागू नये.

श्रीलिपीग्रस्त

स्मरणिकेच्या फाईलबद्दल. ती बिघडलेली नाही. प्रेसमध्ये जुन्या फाँटात जुळवलेली असणार. त्या फाँटांत आतून इंग्रजी अक्षरंच असतात, वर फक्त मराठी मुखवटा. फाँट नसलेल्या फोनवर मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये (कुठल्याही फोनवर मराठी दिसते ती पद्धत) बदलून देणारे कन्व्हर्टर नेटवर फुकट मिळतात, पण आधी प्रेसवाल्याला फाँटचं नेमकं नाव विचारा, चुकीचं निवडलंत तर वेगळाच कचरा निघेल. बदलल्यावर पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यांत तेल घालून बघा. जुन्या पद्धतीत वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, त्यामुळे ती हमखास शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसते.

हे जमलं नाही तर दुसरी वाट. छापील पानाचा स्वच्छ फोटो गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा. फोटोखाली मजकूर येतो. छापील मराठीला बरंच जमतं. आबांच्या हस्ताक्षराला मात्र ते हात टेकेल.

खाडीवरची झेरॉक्सवाली

फोटोची युक्ती चालली! बारा पानं दुपारच्या जेवणाआधी झाली. कन्व्हर्टरच्या वाटेला गेलेच नाही.

हस्ताक्षर मी फोनला वाचून दाखवते, बोलून टाईप होतं ते. पण आबांचे शब्द त्याला कळत नाहीत. 'पाग' म्हटलं की 'बाग', 'खुबे' (तीही शिंपल्यातली मासळी) म्हटलं की 'खूप'. काल वाक्य आलं, "ओहोटीला बाग घेऊन गेलो, खूप मिळाले." ते वाचून सासूबाई पोट धरून हसल्या.

आणि फोटोवरून आलेल्या मजकुरात 'तिसर्‍या' चा रफार झाला होता. तो कसा नीट करायचा?

श्रीलिपीग्रस्त

नुसता र वापरला की रफार येतो. तुम्हाला खाली टिंब असलेला ऱ हवा, मग हलन्त, मग य. दुकानात इनस्क्रिप्ट (मराठी कीबोर्डची मांडणी) असेल तर शिफ्ट धरून जे दाबा. पण सगळीकडे सरसकट बदलू नका. तुमच्या आबांच्या वहीत दर्या पानोपानी असणार. तो दऱ्या झाला की समुद्राच्या दऱ्याखोऱ्या व्हायच्या.

हर्णैकडचा

भरतीचं त्यांनी कसं लिहिलंय? आमचे म्हातारे तिथीची पाऊणपट करायचे, येईल तितक्या वाजता भरती.

खाडीवरची झेरॉक्सवाली

तेच! दुसऱ्या वहीच्या पहिल्याच पानावर आहे. "तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीस तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीस सहा, पाणी भांगाचे. आपल्या तरीवर याहून अर्धा तास उशीर." भांगाचे म्हणजे कमी चढउताराचे. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्यात.

हर्णैकडचा

रेघा बरोबर मारल्या. खाडीत आत पाणी उशिरा चढतं, प्रत्येक तरीचा हिशोब निराळा. ते वाक्य कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. फक्त पानाखाली एक ओळ टाका की हा अंदाज आहे, यावर होडी काढू नये. हल्ली पर्यटक काहीही वाचून वाळूत गाडी घालतात. नक्की वेळ हवी त्याने भरतीचं सरकारी कोष्टक बघावं, समुद्राचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेकडे मिळतो.

खाडीवरची झेरॉक्सवाली

ओळ टाकली, ठळक करून.

मंडळी, २३ पानं चढली. पत्ते तुम्ही सांगितले तसे, वही-पान. लेबलं सहा. मुलीला ॲडमिन केलंय, ती म्हणते रंग फार भडक आहेत. राहू देत. ग्रुपवर चार ओळी आणि लिंक देते. पहिल्या दिवशी दोघांनी उघडली, त्यातली एक मी. आता तीस-पस्तीस होतात. डोंबिवलीकर, तुमच्या वडिलांना सांगा, पैसे जात नाहीत.

एकच पान अडलं होतं. पाचव्या वहीत तरीच्या उधारीची यादी आहे, नावानिशी. कोणाचे चार आणे, कोणाचे सव्वा रुपया, एकापुढे "देणार नाही, मागू नये" असं. नावं छापणं बरं वाटेना, म्हणून चिठ्ठ्या चिकटवून नावं झाकली, मग फोटो काढला आणि टाकला.

रात्रीपर्यंत खालच्या वाडीतून तिघांचे वेगवेगळे फोन आले. "वहिनी, ते सव्वा रुपयावाले आमचे आजोबा तर नव्हेत ना?"