छोट्या अंधाऱ्या हॉलमधील बँडचे फोटो : आडवे पट्टे आणि हललेले चेहरे

प्रश्न (जळगाव)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे एका कॅफेच्या वरच्या मजल्यावरील लहानशा हॉलमध्ये महाविद्यालयीन मुलांचा एक बँड महिन्यातून एकदा वाजवतो. ड्रम, बास, दोन गिटार आणि अहिराणी गाणी म्हणणारी एक मुलगी असा हा संच आहे. पन्नास-साठ श्रोते त्यांच्यापासून जेमतेम सहा फुटांवर बसतात. आपल्या बोलीत नव्या चालीची गाणी बांधणाऱ्या या मुलांकडे स्वतःचे एकही धड छायाचित्र नाही, म्हणून हे काम मी मनापासून हाती घेतले आहे.

माझ्याकडे मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आणि त्याच्याबरोबर आलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स आहे. ५५ वर तिचे अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारे छिद्र, एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा लहान तितके छिद्र मोठे). फोटोत दाणे येतात म्हणून मी आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, १६०० च्या वर नेत नाही. शटर १/३० सेकंदावर ठेवले तर चेहरे हलतात आणि १/५०० वर नेले तर फोटो काळा पडतोच, शिवाय त्यावर आडवे काळसर पट्टे उमटतात. गाण्यात व्यत्यय नको म्हणून सायलेंट (आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक) शटर वापरतो. फ्लॅश मारायचा नाही, हे पक्के आहे. काय बदलावे?

उत्तर (धुळे)

भाऊ, आधी पट्ट्यांचे बोलू, कारण तो दोष लेन्सचाही नाही आणि तुमच्या हाताचाही नाही. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने तिच्यावर थेट चालणारे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्यांना ते जाणवत नाही. सायलेंट शटरमध्ये सेन्सर एकेक ओळ वाचत वरून खाली जातो आणि तेवढ्या वेळात दिवा अनेकदा उजळून मंदावलेला असतो, त्यामुळे काही ओळी उजळ आणि काही काळ्या येतात. यांत्रिक शटर (प्रत्यक्ष पडदा सरकवणारे, खटका वाजणारे) लावा आणि वेळ १/१०० किंवा १/५० ठेवा, म्हणजे प्रत्येक ओळीला उजेडाची पूर्ण आवर्तने मिळतील. मी लग्नाचे फोटो काढतो. रात्रीच्या वरातीत बँडच्या गाडीवरील दिव्यांखाली हाच त्रास मी दोन हंगाम सोसला आणि कॅमेरा बिघडला असे समजत राहिलो. मंद करता येणाऱ्या काही एलईडींची लुकलुक मात्र विजेच्या गतीशी जुळत नाही. तेथे १/८० ते १/१६० मधील वेगवेगळ्या वेळा गाणे सुरू होण्यापूर्वी तपासून घ्याव्यात.

आता लेन्स. ५० मिमी एफ १.८ ही बहुतेक कंपन्यांच्या स्वस्त लेन्सपैकी एक असते. एफ ५.६ च्या तुलनेत ती जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते, म्हणजे आज जो फोटो १/३० ला निघतो तो आयएसओ न वाढवता १/२५० च्या आसपास निघेल. आयएसओचे भय सोडा, हे मी आग्रहाने सांगतो. ६४०० चे दाणे छापील फोटोत फारसे खुपत नाहीत. उलट १६०० वर काळा काढून नंतर संगणकावर उजळलेला फोटो जास्त खराब दिसतो. हललेला चेहरा तर कशानेच दुरुस्त होत नाही.

उत्तर (भुसावळ)

वरील सल्ल्यात एक भर घालतो. सहा फुटांवरून एफ १.८ ला स्पष्ट दिसणारी खोली साधारण दहा सेंटीमीटरच असते, त्यामुळे कॅमेऱ्याने माइकच्या जाळीवर फोकस धरला की डोळे मऊ पडतात. फोकसचा एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवावा, फोकससाठी लागणारा कॅमेऱ्याचा लहान दिवा बंद करावा आणि गायिकेच्या अगदी समोर न बसता थोडे बाजूला बसावे, म्हणजे माइक ओठांवर येणार नाही. ओळ संपली की ती माइकपासून किंचित मागे सरते आणि श्वास घेते. तो क्षण स्थिर असतो, १/१०० लाही चेहरा स्वच्छ मिळतो. ड्रमवाल्याची काठी वर जाऊन परत फिरते तेथेही असाच क्षणभराचा थांबा असतो. हे क्षण कानाने ओळखता येतात, म्हणून गाणी आधी दोन-तीनदा ऐकून जावे.

उत्तर (नंदुरबार)

मी पावरी हे आदिवासी सुषिर वाद्य वाजवणाऱ्यांचे फोटो काढते आणि आता तेथेही लाल-निळे एलईडी आले आहेत. गडद लाल उजेडात पडद्यावर फोटो ठीक वाटतो, पण लाल रंगाची नोंद तेवढ्यात कमाल मर्यादेला पोचलेली असते आणि चेहऱ्याचे नाक-गाल सपाट होतात. तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजेडाचे वाटप दाखवणारा आलेख) पाहा, एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणारा उजेड, थोडे कमी ठेवा आणि फोटो रॉ मध्येच, म्हणजे सेन्सरची मूळ माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये, काढा. तरीही जमले नाही तर ते चित्र कृष्णधवल करावे. त्याहून बरे म्हणजे हॉलमध्ये दिवे सांभाळणाऱ्या मुलाशी आधी बोलून एखाद्या गाण्यापुरता समोरून एक साधा पिवळा दिवा मागावा. मला आजवर कोणी नाही म्हटलेले नाही.

प्रश्नकर्ता (जळगाव)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ओळखीच्या एकाकडून ५० मिमी लेन्स मागून घेतली आणि काल यांत्रिक शटर, १/१००, आयएसओ ४००० असे ठेवून फोटो काढले. पट्टे गेले. शटरचा आवाज ड्रमखाली कोणालाच ऐकू आला नाही. संथ गाण्यात मात्र मी फक्त टाळ्यांच्या वेळी बटण दाबले. गायिकेचा ओळ संपतानाचा एक फोटो असा आला आहे की तिच्या आईने त्याची मोठी प्रत मागितली. मागच्या भिंतीवरील जांभळ्या एलईडीचे पट्टे तेवढे अजून राहतात. ताई, पुढच्या महिन्यात तो दिवा विझवण्याची विनंती करून पाहतो.