पॅरिस म्युझियम पास घ्यावा का? सोबत आई आणि दोन मुलं

निशिगंध:
मे महिन्यात पॅरिसला चाललोय, रविवारी रात्री पोचणार आणि शुक्रवारी सकाळी निघणार, म्हणजे सोमवार ते गुरुवार हातात. मी, नवरा, आई (68, गुडघे दुखतात) आणि मुलं 15 आणि 10 वर्षांची. नवरा म्हणतोय 4 दिवसांचे पाच पास (एकाच पासावर बरीच म्युझियमं बघता येतात) घेऊन टाकू, कटकट मिटेल. मला भीती वाटत्ये की पैसे वसूल करायच्या नादात आईची फरफट होईल. लूव्र आणि ऑर्से ही म्युझियमं आणि व्हर्सायचा राजवाडा बघायचाच आहे, बाकी जमेल तसं. कोणी वापरलाय का?

झुणकाभाकर:
ताई पाच घेऊ नका!! 18 च्या खालच्या मुलांना या तिन्ही ठिकाणी फुकट आहे, आपल्या मुलांनासुद्धा, फक्त वयासाठी पासपोर्ट जवळ ठेवा. आणि पास असला तरी लूव्र आणि व्हर्सायची वेळ आधी ऑनलाइन बुक करावीच लागते, मुलांचीही, शून्य युरोचं तिकीट निघतं. आयफेल टॉवर पासात नाही, सीन नदीतली बोट नाही, मेट्रोही नाही. आम्हाला एजंटने आयफेल पासात आहे असं छातीठोक सांगितलं होतं, तिथे जाऊन परत तिकिटं काढावी लागली, फार मनस्ताप झाला.

डोंगरवाट:
आधी वार बघा, सगळं त्यावरच ठरतं. ऑर्से आणि व्हर्साय सोमवारी बंद, लूव्र मंगळवारी बंद. म्हणजे 4 दिवसांचा पास घेतलात तर सोमवारी या तिन्हींपैकी फक्त लूव्रच मिळेल. सोमवारी नोत्र दाम चर्च करा, आत जायला पैसे नाहीत, मग आयफेल आणि बोट. पास 2 दिवसांचाच घ्या, पहिल्यांदा स्कॅन झाला की तिथून सलग 48 तास मोजतात. मंगळवारी साडेदहाला व्हर्सायला सुरू केलात तर बुधवारी लूव्र आणि गुरुवारी सकाळी साडेनऊला ऑर्से उघडल्या उघडल्या आत, पास तेव्हा चालू असतो. लूव्र बुधवारी रात्री 9 पर्यंत उघडं असतं, त्यामुळे दुपारी हॉटेलवर झोप काढून संध्याकाळी जाता येईल. आईंसाठी तिथे व्हीलचेअर फुकट मिळते, संकोच करू नका, आतलं चालणं खरंच खूप आहे. व्हर्सायच्या बागेत कारंजी-संगीताचे दिवस असतात तेव्हा बागेचं तिकीट वेगळं, पासात धरत नाहीत. आणि 1 मे त्या आठवड्यात येत नाही ना बघा, तिन्ही बंद असतात.

पैशाचं म्हणाल तर जानेवारी 2026 पासून युरोपबाहेरच्यांना लूव्र 22 चं 32 युरो झालंय. तुम्ही *नक्की* जाणार तेवढ्याच जागांची तिकिटं कागदावर मांडा आणि बेरीज पासच्या आजच्या भावाशी लावून बघा. "जमलं तर जाऊ" वाली ठिकाणं त्यात धरू नका, घोळ तिथेच होतो.

चाफेकळी:
मी सासूबाईंना घेऊन गेले होते, मला पास आवडला पण कारण वेगळं. तिकीट काढलं की माणूस दोन तास बळंच फिरतो, पास असला की अर्ध्या तासात बाहेर पडायला जीव चुकचुकत नाही. ओरांजरी म्युझियममध्ये दोन लांबट गोल खोल्या आहेत, चारी बाजूंनी चित्रकार मोनेची कमळांची चित्रं आणि मध्ये बसायला बाक. सासूबाई तिथे चप्पल काढून पाय वर घेऊन बसल्या आणि चाळीस मिनिटं उठल्याच नाहीत, मग म्हणाल्या आमच्या तळ्यावर पहाटे असंच पाणी दिसायचं. बाकी काही बघितलं नाही त्या दिवशी. याचीही वेळ बुक करावी लागते हं, आणि मंगळवारी बंद.
पण सेंत शापेल चर्चला आईंना विचारून न्या, वरच्या मजल्यावरच्या रंगीत काचा अप्रतिम आहेत पण जिना अरुंद आणि गोल गोल आहे.

निशिगंध:
सगळ्यांचे मनापासून आभार! नवऱ्याला वारांचं गणित दाखवलं, पटलं त्याला. मी, तो आणि आई, 2 दिवसांचे तीन पास. बुधवारी सकाळी फक्त ओरांजरी, संध्याकाळी लूव्र. आज बुकिंगला बसतोय, पासपोर्ट काढून ठेवलेत.