सत्तरची फिल्म कायदेशीर झाली म्हणता, मग पस्तीसची मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदाराने परत पाठवायचं की नाही?

काचवाला अकोला (धागाकर्ता)

अकोल्यात माझं कार डेकोरचं दुकान आहे. सीट कव्हर, मॅट, हॉर्न सगळं करतो, पण हात बसलाय तो काचेवर चिकटवायच्या फिल्मवर. सत्तरची फिल्म म्हणजे ७० टक्के उजेड आरपार सोडणारी, पस्तीसची म्हणजे ३५ टक्के; आकडा जेवढा कमी तेवढी काच काळी. २०१२ साली मी दुसऱ्याच्या दुकानात कारागीर होतो. २७ एप्रिलला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर. ४ मेपासून गाडीच्या काचेवर कुठल्याही टक्क्याची फिल्म चालणार नाही, असा आदेश. पुढचे दोन महिने आम्ही फक्त फिल्मा काढल्या. ज्या गाड्यांना आम्हीच हौसेने लावून दिल्या होत्या त्याच रांगेत उभ्या. हीटगनने काच तापवायची, कोपरा नखाने उचलायचा, हळू ओढायची. मागच्या काचेवर डिफॉगरच्या, म्हणजे वाफ घालवणाऱ्या, तारा असतात, तिथे घाई केली की तार फिल्मसोबत उखडते. एका कारागिराने स्टीलचं ब्लेड चालवलं आणि तीन तारा गेल्या. त्या काचेचे पैसे मालकाने त्याच्या पगारातून कापले. दुकानात रोल पडून होते, ते कुणी परत घेतले नाहीत.

त्यानंतर आठ-नऊ वर्षं आमच्या धंद्यात फिल्म हा शब्दच दबक्या आवाजात बोलायचा झाला. कुणी जाळीच्या सनशेडवर गेलं, कुणी पेंट प्रोटेक्शन फिल्म शिकलं, कुणी ऑफिस-दवाखान्यांच्या काचा धरल्या.

मग नियम बदलला. केंद्रीय मोटार वाहन नियमातल्या नियम १०० मध्ये आधी फक्त 'सेफ्टी ग्लास' होतं. १ एप्रिल २०२१ पासून 'सेफ्टी ग्लास किंवा सेफ्टी ग्लेझिंग' झालं, आणि प्लास्टिकचा थर असलेली काच ग्लेझिंगमध्ये मोडते. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ हायकोर्टाच्या न्या. एन. नगरेश यांनी त्याच आधारावर सांगितलं की मर्यादा पाळून फिल्म लावली तर दंड करता येणार नाही. मर्यादा म्हणजे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे.

व्हॉट्सॲपवर मात्र एवढंच फिरलं की "काळ्या काचा चालू झाल्या".

आता खरी गोष्ट. काचेतून किती टक्के उजेड जातो ते मोजायचा मीटर मी विकत घेतला. परवा एका नव्या गाडीच्या दाराची कोरी काच मोजली, ७४ भरली. कंपनीच्या काचेत मुळातच हिरवट झाक असते, ती १०० कधीच नसते. तिच्यावर सत्तरची फिल्म धरली तर ५२. म्हणजे पास, पण काठावर. त्याच गाडीची पुढची काच ७८ होती. सत्तरची लावली की ५४ ते ५५, म्हणजे सरळ नापास. पाकिटावर सत्तर लिहिलंय म्हणून पुढच्या काचेवर चालते असं जे दुकानदार सांगतात, ते गुणाकार करत नाहीत. आणि पस्तीसची लावली तर दारावर २६ राहतात.

हे सगळं समजावून मी एका गिऱ्हाइकाला पस्तीसची नाही म्हणालो. त्याच्या आईला उपचारासाठी महिन्यातून दोनदा नागपूरला न्यावं लागतं, मे महिन्यात, ४५ डिग्रीत. त्याची तळमळ मला कळत होती. तो उठून शेजारच्या गल्लीत गेला आणि लावून घेतली. तीन आठवड्यांनी माझ्याकडेच आला. वाटेत पोलिसांनी गाडी थांबवून जागेवर फिल्म फाडायला लावली होती, आई आत बसलेली, काचेवर गमाचे पट्टे. ते साफ करायला मला दीड तास लागला.

माझं म्हणणं साधं आहे. दुकानदाराने नाही म्हणायला शिकलं पाहिजे. मोजून लावा, लावल्यावरचा आकडा बिलावर लिहा, पुढच्या काचेला हात लावू नका. आपण हे नाही केलं तर पुन्हा एखादा २०१२ येईल आणि तेव्हा चांगलं काम करणारेही त्यात जातील. बाकीच्यांचं काय मत?

काळा कोट

तुमचा हेतू चांगला आहे, पण तुम्ही जेवढं समजता तेवढी जमीन पक्की नाही. २०१२ चा आदेश गडद फिल्मपुरता नव्हता. फिल्म बनवणारे आणि विकणारे त्यानंतर पुन्हा कोर्टात गेले होते, की ५०-७० मध्ये बसणारी तरी चालू द्या. ऑगस्टमध्ये त्यांना नकार मिळाला. कोर्टाचा मुद्दा होता की काच कारखान्यातूनच त्या मर्यादेत यावी, नंतर वरून काही चिकटवायचं नाही.

केरळचा युक्तिवाद मला स्वतःला पटतो. सुप्रीम कोर्टाने जो नियम वाचला तो आता राहिलाच नाही. शिवाय नियमात काच त्या मर्यादेत 'राखली' पाहिजे असा शब्द आहे, आणि राखायचं काम गाडीमालकाचं, फक्त कारखान्याचं नाही. पण मला पटून उपयोग नाही. केरळ हायकोर्टाचा निकाल अकोल्याच्या चौकातल्या हवालदाराला बांधत नाही. सुप्रीम कोर्टाचा आदेश घटनेच्या कलम १४१ नुसार देशातल्या सगळ्या कोर्टांना बांधतो, आणि त्याच्या हातात तोच कागद आहे. उद्या तुमच्या ५२ वाल्या गिऱ्हाइकालाही दंड झाला तर तुमच्या बिलावरचा आकडा त्याला कोर्टात कामाला येईल, चौकात नाही. हे त्याला फिल्म लावण्याआधी सांगता का?

चिंचवड डेकोर

काचवाला दादा, तुम्ही बोलताय ते ऐकायला बरं वाटतं. माझ्याकडे चार पोरं कामाला आहेत, त्यातल्या दोघांची लग्नं झालीत. दुकानाचं भाडं एक तारखेला द्यावं लागतं. मी पस्तीसची नाही म्हणालो तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं, हे तुम्हीच लिहिलंय. मग माझ्या नाही म्हणण्याने रस्त्यावरची एक तरी काळी काच कमी झाली का? फक्त माझा गल्ला कमी झाला.

गिऱ्हाईक सज्ञान आहे. मी त्याला तोंडावर सांगतो की पावती फाटेल, पहिल्यांदा पाचशे, परत सापडलात तर दीड हजार. तो म्हणतो लावा, मी लावतो. नियम त्याने मोडला, मी नाही. पकडायचं काम पोलिसांचं आहे, त्यांनाच पगार आहे त्याचा.

आणि २०१२ चं म्हणाल तर मीही भोगलंय. आठवड्यात माल कचरा झाला. तो आदेश येण्याआधी आम्ही चोर नव्हतो, जीएसटीच्या आधीचा व्हॅट भरून माल आणला होता. आम्हाला कुणी विचारलं? आमच्या पोटावर आलं तेव्हा कुणी धावलं नाही, मग कायदा राखायची जबाबदारी आमच्याच डोक्यावर का?

रात्रपाळी

मी पुण्यात आयटीत आहे, रात्री अकरानंतर कॅबने घरी येते. तुम्ही सगळे टक्के मोजताय, मी फक्त एवढंच बघते की बाहेरून आतला माणूस दिसतो की नाही. २०१२ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीत जे झालं, त्या बसला काळ्या काचा आणि पडदे होते. सुप्रीम कोर्टाचा आदेश तेव्हा सात महिने जुना होता. कुणीतरी त्या काचा लावून दिल्या असतील, पैसे घेतले असतील, आणि असंच म्हटलं असेल की मी सांगितलं होतं.

चिंचवड दादा, तुमच्या पोरांच्या पगाराची मला काळजी आहे, खरंच आहे. पण तुम्ही लावलेल्या काचेआड कोण बसणार हे तुम्हाला माहीत नसतं. म्हणून 'नियम त्याने मोडला' हे मला मान्य नाही.

दुसरं, मी स्कूटरही चालवते. चौकात वळायच्या आधी मी गाडीच्या दिव्याकडे नाही, ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघते. त्याने मला पाहिलंय का ते तिथेच कळतं. काळी काच असली की मी थांबून राहते आणि मागचे हॉर्न वाजवतात. ५२ सुद्धा मला नको. पुढच्या दोन दारांना तर काहीच नको.

घाटमाथा

ताईंशी सहमत. बावीस वर्षं टुरिस्ट गाडी चालवतोय. साइडचा आरसा ड्रायव्हर दाराच्या काचेतूनच बघतो, हे फिल्म लावणाऱ्याला दुपारी दुकानात आठवत नाही. कसाऱ्यात जुलैच्या रात्री, बाहेर धुकं, काचेवर पाणी, त्यात फिल्म. मागून येणारा ट्रक आरशात दिसेपर्यंत शेजारी आलेला असतो. मालकाने एकदा माझ्या गाडीला लावली होती. दुसऱ्या दिवशी मीच ओढून काढली.

सावलीतली

माझी बाजूही ऐका. मला ल्युपस आहे. उन्हाने अंगावर चट्टे येतात, सांधे धरतात. तासभर काचेतून ऊन आलं की दोन दिवस अंथरुणात. माझ्यासाठी फिल्म ही हौस नाही. तुम्ही 'काहीच नको' म्हणता तेव्हा माझ्यासारखीने दुपारी घराबाहेरच पडायचं नाही का?

काचवाला अकोला

सावलीतल्या ताई, तुम्हाला काळी फिल्म लागतच नाही, हे आधी सांगतो, कारण अनेक दुकानदार हे लपवतात. अतिनील किरण अडवायला रंग लागत नाही. डोळ्याला जवळजवळ कोरी दिसणारी चांगली फिल्मसुद्धा ते ९९ टक्के अडवते. उष्णतेचंही तसंच, सिरॅमिक फिल्म इन्फ्रारेड अडवते आणि उजेड आत येऊ देते. स्वस्त रंगवलेली काळी फिल्म डोळ्याला थंडावा देते, पण गाडी तेवढी थंड होत नाही, आणि दोन उन्हाळ्यांत जांभळी पडते. काळेपणा आणि गारवा एकच, हा समज आमच्याच धंद्याने पसरवला. चांगला माल परदेशातूनच यावा लागतो असंही नाही, गरवारेच्या फिल्मा आमच्या शेजारी छत्रपती संभाजीनगरलाच बनतात आणि जगभर जातात.

त्या नागपूरवाल्या आईसाठीही मी हेच सुचवलं होतं. महाग पडते म्हणून त्याने नको म्हटलं, तिथे मी कमी पडलो. अर्ध्या गाडीला, फक्त मागच्या दोन दारांना लाव, असं तेव्हा सुचायला हवं होतं.

स्लाऊ मराठी

इकडे ब्रिटनमध्ये पुढच्या काचेला ७५ आणि ड्रायव्हर-शेजारच्या दोन्ही दारांना ७० टक्के उजेड लागतो, मागच्या काचांना मर्यादाच नाही. रात्रपाळी ताई म्हणतात ते ड्रायव्हरचं तोंड दिसण्याचं तत्त्व तसं इथल्या नियमात आहे. पण मागे काळोख चालतो, म्हणजे ताईंची पहिली भीती इथे सुटलेली नाही. पोलीस मीटर लावून मोजतात, डोळ्याने ठरवत नाहीत, त्यामुळे दुकानदारही मोजून लावतो. आपल्याकडे चौकात मीटर दिसत नाही तोवर ५२ आणि २६ एकाच पावतीत जाणार, आणि इमानदार दुकानदारच बुडणार.

चिंचवड डेकोर

हेच तर म्हणतोय मी! मोजणारं कुणी नाही तर मी मोजून काय करू?

रात्रपाळी ताई, तुमचं वाचून मात्र गप्प बसलो थोडा वेळ. मलाही मुलगी आहे, रात्री क्लासवरून येते. कॅबचं काम मी आजपासून बंद करतो. पिवळी पाटी आली की फिल्म नाही. खासगी गाडीचं माझं मत बदललेलं नाही.

काळा कोट

चिंचवडकर, एक गोष्ट ध्यानात ठेवा. 'मी तोंडावर सांगितलं' याचा पुरावा काय? उद्या त्या गाडीने अपघात केला आणि विम्याचा किंवा पोलिसांचा प्रश्न आला, की तुमच्या बिलावर 'फिल्म ३५' लिहिलेलं असेल आणि तुमच्या दुकानाचा शिक्का असेल.

काचवाला अकोला

कोटसाहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की नाही, मी आजवर गिऱ्हाइकाला ते सांगत नव्हतो. सांगायला पाहिजे होतं. आज बिलबुकावर छापायला ओळ दिली: 'लावल्यानंतर मोजलेला उजेड … टक्के. महाराष्ट्रात यावर दंड होऊ शकतो, हे गिऱ्हाइकास सांगितले.' खाली गिऱ्हाइकाची सही. छापखानावाला म्हणाला, असं लिहिलं तर कोण लावेल? दोन-चार कमी लावतील, चालेल.

ड्रायव्हरच्या रांगेतल्या दारांबद्दल ताई आणि घाटमाथा यांचं पटलं. यापुढे तिथे फक्त कोऱ्यासारखी दिसणारी, तीही मागितली तरच.

चिंचवड दादा, कॅब बंद केलीत, मनापासून बरं वाटलं. खासगीवर आपण भांडत राहू.

चिंचवड डेकोर

भांडू. मीटर कुठल्या प्रकारचा घेतलात? एकतुकडी वाला दाराची काच खाली करून कडेलाच लागतो, मागच्या बंद काचेला लागत नाही म्हणतात.

काचवाला अकोला

दोन तुकड्यांचा घ्या. एक आतून, एक बाहेरून, चुंबकाने समोरासमोर चिकटतात. काच आधी पुसून घ्या, धुळीने तीन-चार टक्के फरक पडतो. आणि कोरी काच मोजल्याशिवाय रोल उघडू नका.